भूक कुठं लागते

सांगायला आजही लाज वाटते. यवतमाळला ट्रेनिंगच्या होस्टेलात असताना मला न जेवण्याची खोड लागली. ताटातली भाकरी शेजारणीच्या ताटात सरकवायची आणि कोणी विचारलं की 'पोट भरलं' म्हणायचं. वर तोरा किती! पोटभर जेवणाऱ्या मुलींकडे बघून मी नाक मुरडायची. दोन वर्षांत पोटानं हाक मारणंच सोडलं. चक्कर आली तरी मला वाटायचं, ऊन लागलं.

मग पांढरकवड्याकडच्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या नव्यानंच उघडलेल्या शाळेत, मी बाई म्हणून लागले. एक दिवस शरीराचा तक्ता भिंतीवर टांगून मी पोरांना विचारलं, "भूक लागली, हे कसं कळते?"

सगळी एकदम ओरडली. पोटात आग पडते, हातपाय गळतात, मायवर राग येते. प्रत्येकाजवळ उत्तर होतं.

समोर बसलेल्या एका पोरीनं विचारलं, "बाई, तुमाले कुठं लागते जी?"

मी आत चाचपून पाहिलं. काहीच सापडेना. शेवटी छडी उचलून तक्त्यावरच्या पोटावर ठेवली आणि म्हणाले, "इथं."

पोरगी म्हणाली, "ते तं चित्राचं पोट हाये, बाई."