सणसरचा लॅपटॉप

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कुणाबद्दल लिहिण्याइतकी माझी पोच नाही, माफ करा. पण बारामतीतले लॅपटॉप दुरुस्त करणारे काका डोक्यातून जात नाहीत. ते प्रत्येक गिऱ्हाइकाला गावाच्या नावानेच ओळखतात. माझ्या लॅपटॉपला नवी एसएसडी बसवून विंडोज टाकताना स्क्रीनवर वापरणाऱ्याचं नाव विचारलं गेलं. काकांनी बिनदिक्कत माझ्या गावाचं नाव, ‘सणसर’, टाकलं.

“काका, माझं नाव?”

“गावापेक्षा मोठा झालास व्हय रं? गप बस.”

लोणी देवकरच्या कारखान्याची ऑनलाइन मुलाखत त्याच लॅपटॉपवर झाली. मुलाखत घेणाऱ्या साहेबांना कॉलवर लॅपटॉपचं तेच नाव दिसत होतं. ते शेवटपर्यंत ‘मिस्टर सणसर’ म्हणत राहिले आणि नोकरी हातची जाईल या भीतीने मी ओ देत राहिलो.

काल निवड झाल्याचं कळलं. काकांना सांगायला गेलो. स्क्रू आवळत ते म्हणाले, “सणसर लागलं व्हय नोकरीला? मग तू बी जा संगं.”