पत्रकात मागणी नव्हती

मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या पाठीवर. बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. कामगारांच्या लढ्याची पत्रकं वाटून उरली की त्यांची कोरी बाजू माझी. पुढे वस्तीच्या पाण्याची पत्रकं आली, अभ्यासिकेची आली. आंबिवलीच्या आमच्या घरातही बाबांचा नियम तोच: रुसायचं नाही, आदळआपट करायची नाही, म्हणणं एका पानावर लिहून स्वयंपाकघरातल्या कपाटाला चिकटवायचं. धाकट्या भावाने एकदा कारल्याच्या भाजीविरुद्ध पत्रक काढलं होतं. आईने त्यावर ‘फेटाळले’ लिहून सही केली.

त्यामुळे मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर मीही पत्रकच काढलं.

डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळाला होता. त्याच आठवड्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यातून नोकरीचं बोलावणं आलं. तिथे प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे बनतात. सुट्टीत मी तिथे लेथ मशीनवर धातू कातायचं काम शिकायला जात होते. इकडे बाबांनी विहारात सांगूनही टाकलं होतं की मुलगी इंजिनीअर होणार. आमच्यात शिक्षण ही एकट्याची गोष्ट नसते. आमची एक मुलगी कॉलेजात शिरते तेव्हा पूर्वी ज्यांना शाळेच्या दाराबाहेर बसवलं ते सगळे तिच्यासोबत आत जातात, असं मानणारी आम्ही माणसं. मीही मानते. म्हणूनच नोकरीचा विचार मला फितुरीसारखा वाटत होता.

पत्रक जळजळीत झालं. पदव्यांचा बाजार, फीच्या नावाने चाललेली लूट, डिग्री घेऊन घरी बसलेली पोरं. त्यानंतर भावाचं शिक्षण आणि बाबांचे दुखणारे पाय, कारण बाबा आता टिटवाळ्याच्या एका नव्या इमारतीवर सिक्युरिटीला दिवसभर उभे असतात.

संध्याकाळी ते आले आणि युनिफॉर्म न बदलताच कपाटासमोर उभे राहून वाचू लागले.

“भाषा चांगलीय,” ते म्हणाले. “पण मागणी कुठेय?”

“शेवटी आहे की. डिग्रीचा प्रवेश रद्द करावा.”

“ते काय नको ते झालं. हवंय काय तुला? माझ्या पायांनी तुझ्याकडे अर्ज केला होता का?”

“अहो, चहा तरी घ्या,” भाकरी थापता थापता आई म्हणाली. “घरात पाऊल टाकलं की सभा सुरू!”

मी चिडले. एवढी धारदार वाक्यं, आणि यांना त्यात काहीच दिसत नव्हतं! “मला लेथवर उभं राहायला आवडतं!” मी ओरडलेच. “तुकडा बरोब्बर मापात उतरला की जे वाटतं ना बाबा, ते मला वर्गात कधीच वाटलं नाही. मला आधी हाताने काम करून बघायचंय. पुढे शिकायचं वाटलं तर शिकेन. पण आत्ता हे हवंय. मला.”

‘मला’ हा शब्द आमच्या कुठल्याच पत्रकात नसायचा.

विहारात सांगितलेलं बाबांना आठवत असणार. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, माझे सगळे परिच्छेद आडवे खोडले आणि पेन माझ्या हातात दिलं. “आत्ता बोललीस तेवढंच लिही.”

मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली. आईने पिठाच्या बोटांनीच सहीसाठी पेन घेतलं. “आणि विहारात काय सांगणार?” तिने विचारलं.

“बघू,” बाबा म्हणाले.

रविवारी वंदना झाल्यावर एका काकांनी विचारलंच, “काय हो, कन्येचं कॉलेज कधीपासून?” मी चपला शोधायच्या निमित्ताने खाली वाकले.

“कामाला लागली ती,” बाबांचा आवाज आला. “साचे बनवते.”

“अरेरे! का हो? अडचण होती तर सांगायचं ना.”

“अडचण कसली? आवडतं तिला.”

जन्मभर सगळ्यांसाठी मागत आलेल्या माझ्या बापाने माझ्या एकटीचं हे एवढंसं कारण चारचौघांत, सभेत बोलतात त्या खड्या आवाजात सांगितलं. अजूनही लेथ सुरू करताना कधीकधी तो आवाज मला ऐकू येतो.