सावलीवर चालणारा फोन

आमच्या कंपनीचं काम मोबाइलचे टॉवर उभे करण्याचं. मस्कतजवळच्या रुसैलच्या गोदामातून सामान उचलायचं, डोंगरात न्यायचं, ठोकायचं आणि परत यायचं. दोन हजार बाराच्या सुमारास मला एका गावात टॉवरची जागा बघायला पाठवलं. गाडीचा रस्ता संपल्यावर तास-दीड तास कोरड्या वादीतून, म्हणजे नदीच्या दगडगोट्यांतून, चालायचं होतं. ड्रायव्हर मला सोडून परत गेला. संध्याकाळी न्यायला येणार होता. घामाघूम होऊन वर पोचलो तर समोर चाळीसेक घरं. म्हटलं, यांना डोंबलाचा टॉवर कशाला पाहिजे!

गाव दाखवायला एक म्हातारा आला. तरुणपणी तो बहारीनला आपल्याकडच्या गवंड्यांबरोबर राबला होता, त्यामुळे त्याचं मोडकंतोडकं हिंदी मला कळत होतं. डोंगराच्या पोटातून पाणी आणणारा जो पाट असतो, ज्याला तिथे फलज म्हणतात, त्याचं पाणी वाटून द्यायचं काम त्याच्याकडे. अंगणात एक काठी रोवलेली, जमिनीवर दगडांच्या खुणा. काठीची सावली ह्या दगडावरून त्या दगडावर गेली की एकाच्या खजुरांचं पाणी बंद, दुसऱ्याचं सुरू. आणि त्याच अंगणाला लागून एक खोली, खोलीत टेबलावर फोन.

मी चाटच पडलो. फोन रेडिओवर चालणारा, कड्यावरच्या अँटेनातून दूरच्या खोऱ्यातला सिग्नल ओढायचा. वर सोलरची पाटी, खाली पिकअपची जुनी बॅटरी. ती दिवसाला जेमतेम दोन-अडीच तासांचं बोलणं पुरवायची. म्हणून बोलण्याचेही वाटे होते आणि तेसुद्धा काठीच्या सावलीवर!

“बाबा,” मी म्हटलं, “माझ्या मनगटावर घड्याळ आहे. तुमच्या पोरांच्याही असेल. ही काठी कशाला?”

“घड्याळं असतात ना,” तो म्हणाला, “ह्याचं पाच मिनिटं पुढे, त्याचं पाच मिनिटं मागे. मग भांडण. सावलीशी भांडून दाखव.”

मग त्याने खजूर आणि कहवा पुढ्यात ठेवून फोनचा सगळा इतिहास सांगितला. गावातला एक जण मस्कतला वारला आणि बातमी वर यायच्या आत दफन होऊन गेलं, तेव्हा गावाने ठरवलं की फोन आणायचाच. कुणी बॅटरी दिली, कुणी गाढवावरून पाटी आणली, कुणी खोली दिली. सगळं झालं आणि वाटे करताना गाडं अडलं. ज्यांची खजुराची झाडं जास्त, ते म्हणाले, पाण्यात आमचा वाटा मोठा, तर फोनमध्येही मोठाच हवा. तीन दिवस बैठक चालली. शेवटी ह्याच म्हाताऱ्याने सांगितलं की झाडाला तहान कमी-जास्त असते, पण आईला लेकाचा आवाज सारखाच लागतो. तेव्हा घरटी एक वाटा. जिच्याकडे एकही झाड नव्हतं त्या बाईलाही तेवढाच. आणि दुपारचा एक वाटा कुणाचाच नाही, जो परका येईल त्याचा. पुढे टॉवर झाला, मीच उभा केला, आणि वर्षाभरात ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला, तो फोन बंद पडला. पण त्या दिवशी तो चालू होता.

मला त्याचं एवढं नवल वाटलं, कारण मी गुहागरकडचा. आमच्या सुपारीच्या बागेलाही डोंगरातून पाट येतो, पाण्याच्या पाळ्याही असतात. एका उन्हाळ्यात काकांनी पाट पंधरा मिनिटं आधी वळवला, असं बाबांचं म्हणणं. काकांचं म्हणणं, छे, घड्याळ दादाचंच मागे. तेव्हापासून अकरा वर्षं दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. मध्ये दगडांचा एक गडगा, उडी मारली तर पलीकडे जाता येईल एवढा. पण बाबांनी त्या घरचं पाणीसुद्धा तोंडाला लावलं नाही. वाडीतला एकुलता एक फोन काकांकडे, म्हणून मीही त्यावर कधी केला नाही. धाकटा भाऊ रविवारी डोंगरमाथ्याच्या सड्यावर चढून मोबाइलला रेंज पकडायचा, तेव्हा काय ते बोलणं.

कहवा संपवून जागा मोजायची टेप काढायला बॅग उघडली, तेव्हा मोबाइल हाताला लागला. वर येताना कुठल्याशा वळणावर रेंज आली असावी, कारण धाकट्याचा मेसेज येऊन पडला होता. “आईला फुरसं चावलं. तालुक्याला नेतोय.” बस, एवढंच. सकाळचा.

फुरसं म्हणजे किती जहरी साप ते कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. बॅग तशीच टाकून मी उतारावर धावलो. पण वरच्या डोंगरात कुठेतरी पाऊस कोसळला होता आणि ज्या दगडांतून मी चालत आलो, तिथून आता लाल पाणी घोंघावत चाललं होतं. म्हाताऱ्याने मागून येऊन माझा दंड घट्ट धरला. “आज नाही. उद्या, इन्शाल्ला.” मी त्याच्यावर खेकसलो. उद्या काय उद्या! मग मोबाइल दाखवून सगळं सांगितलं. तो मला फोनच्या खोलीत घेऊन आला. म्हणाला, परक्याचा वाटा आता सुरूच होतोय.

घरी फोन करायचं माझं प्रीपेड कार्ड खिशात होतं. धाकट्याचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. पाच, सहा, सात वेळा. दारातून मला सावली दिसत होती आणि ती थांबायला तयार नव्हती. मनात दुसरा नंबर होता, लहानपणापासून पाठ. बोट तिकडे वळतच नव्हतं. आई मरणाच्या दारात आणि मी विचार काय करत होतो, तर बाबांना कळलं तर काय म्हणतील! लाज वाटते आता. तेवढ्यात सावली दगडावर पोचली. माझी वेळ खलास.

दारात पुढच्या वाट्याची बाई उभी होती. तीच, जिच्याकडे झाड नव्हतं. तिची एकुलती लेक मस्कतला दिलेली होती आणि ह्या फोनवर बाईची पाळी तीन दिवसांनी एकदा यायची. मी उठून बाजूला झालो. म्हातारा तिला हळूच काहीतरी म्हणाला. ती माझ्याकडे पाहत जवळ आली, टेबलावरचा रिसीव्हर उचलला आणि माझ्या हातात दिला. “यल्ला,” म्हणजे चल, कर, एवढंच म्हणाली आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसली. माझी ती कोण? कुणीच नाही! मला तिचं नावही माहीत नव्हतं. अशा माणसाने दिलेली वेळ हातात घेऊन मी माझ्या घरचं भांडण जपत बसणार होतो काय? मी काकांचा नंबर फिरवला.

काकूने उचलला. मी नाव सांगितलं तशी ती ओरडलीच. “अरे, आधी हे ऐक, आई बरी आहे! इंजेक्शन वेळेत मिळालं. तुझ्या काकांनी जीप काढली, धाकटा आणि ते दोघं तिकडेच आहेत. पाय सुजलाय, पण बोलतेय.”

मी रडलो, अगदी हमसून रडलो, म्हाताऱ्यासमोर.

“थांब,” काकू म्हणाली, “तुझ्या बाबांना देते.”

“नको, काकू. इथे लोक थांबलेत. तुम्ही गडग्यापलीकडे हाका मारणार, आणि ते काही यायचे नाहीत.”

“यायचे कुठून? इथेच आहेत, ओटीवर.”

मग खाकरल्याचा आवाज आला. “हां. बोल.”

“बाबा! तुम्ही काकांकडे?”

“मग कुठे असणार?” बाबा डाफरले. “फोन इथे आहे ना? तू करशील तो इथेच करशील. म्हणून सकाळपासून येऊन बसलोय.”