मशीनची खांदशेकणी

घरी बैलजोडी होती तोवर पोळ्याच्या आदल्या दिवशी खुशालरावांना बूड टेकायला फुरसत नसायची. बैलं नाल्यावर नेऊन घासायची, पळसाची पानं तोडून आणायची, वाटीत तूप-हळद कोमट करायची आणि पानाच्या बोळ्यानं दोघांचे खांदे शेकायचे. वर्षभर जुवाखाली सोलपटलेली ती जागा. शेकता शेकता बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दारातून बायको, जमुना, टोमणा मारायची, की मले तं कधी एवढ्या मायेनं जेवाले बोलावलं नाई तुमी.

जमुना गेली. त्यामागं दोन सालं सोयाबीन फुलोऱ्यातच पिवळं पडलं. एकट्या माणसानं वैरण कुठून आणावी आणि शेण कुणी काढावं. बांड्या आणि चांद्या, दोन्ही बैल बाजारात गेले. वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिलं. पोरानं धामणगाव रेल्वेला दोन खोल्या पाहून दिल्या, तिथं खुशालराव राहायला आले. सकाळी पेपर, दुपारी स्टेशनचा बाक. गाडी आली की उतरणारी माणसं पाहायची, गाडी गेली की घरी यायचं. घरी येऊन कुणाला सांगावं असं त्यात काही नसायचं, आणि असतं तरी सांगायला कोण होतं.

पोरगा शिवम अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शेतकी शिकला आणि पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला. असं का, हे त्याला कुणी विचारलं नाही. त्या सालांत वऱ्हाडात ते विचारायची गरजच पडत नव्हती. होस्टेलवरचा आपला जुना कॉम्प्युटर त्यानं बापाच्या खोलीत मांडून दिला. त्यात विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. फुकट मिळते, व्हायरस लागत नाही, म्हाताऱ्या मशीनवरही पळते, असं त्यानं समजावलं. खुशालरावांना पटलं ते वेगळंच. त्यात सगळं मराठीत लिहिलेलं होतं. उघडा, बंद करा, रद्द करा. तहसीलच्या पाटीवरची मराठी वाटायची, पण वाचता यायची.

रविवारी संध्याकाळी पडद्यावर नात यायची, आचल. तीन वर्षांची. आबा म्हणत नसे, आजोबा म्हणायची, पुण्यात जन्मलेली. एखादं गाणं, दोन उड्या, मग पळून जायची. मागून शिवम विचारायचा, जेवलात का, गोळ्या घेता का. संपलं.

मशीन बिघडली म्हणजे मात्र वेगळी गोष्ट. कधी आवाज जायचा, कधी डिस्क भरायची, कधी कीबोर्डचं एखादं बटन अडून एकच अक्षर ओळभर उमटत राहायचं. मग शिवम फोनवर बसायचा. काळी खिडकी उघडा म्हणायचा, मशीनला हुकूम लिहून द्यायची. तो एकेक इंग्रजी अक्षर सांगणार, हे एका बोटानं ते हुडकणार. मोकळी जागा सोडा, बाबा. आता एंटर. काय आलं ते वाचा. खुशालराव अक्षरं जोडून जोडून वाचायचे आणि तिकडं पोरगा कान देऊन ऐकायचा. घंटा घंटा चालायचं. एरवी बापाचं एवढं कोण ऐकतं. मशीन आजारी पडली की खुशालरावांना आतून बरं वाटायचं, आणि बरं वाटतं याची लाजही वाटायची.

त्या साली पोळ्याच्या आधी त्यांनी सुताराकडून चाकाचा लाकडी बैल करून घेतला आणि पुण्याला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाजवळ दिला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आपल्याकडं लेकरं लाकडी बैल सजवून दारोदार नेतात, घरोघर त्यांना बोजारा मिळतो, रुपया किंवा खाऊ. पुण्यात त्या बिल्डिंगीत ते कुणाला ठाऊक नाही. आचलचा बैल पाहणारा सगळ्या जगात एकच माणूस होता. सून म्हणाली, संध्याकाळी सहाला सजवून कॅमेऱ्यासमोर आणते, तुम्ही बसून राहा.

पोळ्याचा आदला दिवस आला आणि खुशालरावांचे हात शिवशिवू लागले. रुळाच्या कडेला पळस होता. पानं आणली, तूप-हळद कोमट केली, आणि वाटी हातात घेऊन घरभर पाहिलं. खांदा देणारं घरात दुसरं कोण होतं? मशीनच्या डब्याचे वरचे दोन कोपरे त्यांनी शेकले. हात सैल सुटला, पान समोरच्या अंगावरूनही फिरलं. हळूच आवतनही दिलं. पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत, म्हणून दिवसभर मशीन बंद ठेवली.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी बटन दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, पडदा उजळला, आणि सगळं विझलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. कधी अक्षरं दिसेपर्यंत जायची, कधी त्याआधीच मान टाकायची.

त्यांनी आधी डब्यावरचं तूप पुसून काढलं, मग बाजारातल्या गुलफामला बोलावलं. त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. त्यानं दोनदा चालू करून पाहिलं आणि अक्षरं पाहूनच हात झटकले. काका, याच्यात लिनक्स हाये, आपल्याजवळ याची दवा नाई, म्हणाला. सगळं मिटवून विंडोज टाकून देतो, पण उद्या. खुशालराव म्हणाले, उद्याचं मले का करायचं हाये?

शेवटी ऑफिसात शिवमला फोन लावला. बिघडायच्या आधी मशीनला काय केलं होतं, त्यानं पहिलं हेच विचारलं. काईच नाई, हे म्हणाले. मग त्यानं प्लग दुसऱ्या सॉकेटात लावायला सांगितला, डबा उघडून आतली मेमरीची पट्टी काढायला लावली, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासून परत बसवायला लावली. खुशालरावांनी सगळं बैलाच्या खुरातला काटा काढावा तशा सबुरीनं केलं. मशीन लागायची आणि मरायची. शिवमचा आवाज चढू लागला. मला मीटिंग आहे, म्हणाला. पुण्याला गेल्यापासून त्याचं मले कधी मला झालं, कळलंही नव्हतं.

फोन ठेवता ठेवता त्यानं विचारलं, बटन दाबल्यावर परत बाहेर येते का? खुशालरावांनी बोट लावलं. बटन आत रुतून बसलं होतं. म्हणजे कुणी सतत दाबून धरल्यासारखं, म्हणून मशीन आपणच बंद पडत होती. नखात पिवळं आलं.

"शिवम," ते म्हणाले, "म्या त्याचे खांदे शेकले."

"कोणाचे?"

"या मशीनचे. तूप-हळदीनं. परवा."

शिवमनं आवाज खाली आणला.

"आवतन देल्लं काय?"

"देल्लं. बिना आवतनाचं कसं शेकाव?"

"मंग आला काय जेवाले?"

"नाई ना बाप्पा. रुसून बसला."

शिवम हसला. किती सालांनी तो असा नाकातून हसला, अगदी जमुनेसारखा. मग म्हणाला, प्लग काढा, कापसाला स्पिरिट लावून बटनाच्या कडा पुसा.

शेजारी बेबीताई राहायच्या, दवाखान्यात नर्स. त्यांनी बाटली दिली आणि विचारलं, काका, कोणाले सुई टोचून राहिले? बैलाले, असं सांगून खुशालराव घरात शिरले. त्या दारातच उभ्या राहिल्या.

बटन सुटलं. मशीन लागली आणि लागूनच राहिली. पण पडदा काळा, त्यावर पांढरी अक्षरं. सकाळपासून मध्येच बंद पडून पडून डिस्कवरचा हिशेब विस्कटला होता. शिवमनं अक्षरं सांगितली: एफ, एस, सी, के, मोकळी जागा, आडवी रेघ, वाय. पुढं डिस्कचं नाव. वाय म्हणजे काय, यांनी विचारलं. शिवम म्हणाला, मशीन दर वेळी हे दुरुस्त करू का म्हणून विचारते, तिला एकदाच हो म्हणून ठेवायचं. हाव म्हणून टाक, खुशालराव म्हणाले आणि एंटर दाबलं. ओळी भराभरा वर सरकल्या. मग मशीन पुन्हा सुरू झाली आणि ओळखीची चित्रं आली. शिवम म्हणाला, मी संध्याकाळी घरी नसेन, मीटिंग लांबेल, तुम्ही बघा.

सहाला पडद्यावर कॉलची खिडकी उघडली. आचल आली. दोरी धरून बैल ओढत होती. शिंगाला झेंडूचं फूल, पाठीवर सुनेच्या ओढणीचा तुकडा. तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

खुशालरावांनी स्पीकरचं बटन फिरवलं, वायर चाचपली. ही जुनीच दुखणी. याचीही काळ्या खिडकीतली अक्षरं होती, पण त्यांना आठवेनात. शिवमला फोन करावा तर तो मीटिंगीत. सुनेला सांगावं तर ती सगळं बंद करून पुन्हा जोडणार, तोवर लेकरू पळणार. ते तसेच बसले आणि हसले.

तेवढ्यात दारावर थाप पडली. गल्लीतली पोरं बैल घेऊन आली होती, बोजारा द्या म्हणून ओरडत होती. खुशालराव खुर्चीवरून हलले नाहीत. पडद्यावर आचलनं काहीतरी विचारलं आणि थांबली. पुन्हा विचारलं. मग तिनं हाताचा तळवा कॅमेऱ्यापुढं पसरला.

खिशात दहाची नोट होती. ती त्यांनी पडद्यासमोर धरली. आचलनं हात पुढं केला, आणखी पुढं, आणि मग नोट कुठं आहे ते पाहायला पडद्याच्या मागं वाकून पाहिलं. सून हसत तिला उचलून घेऊन गेली. रिकाम्या फरशीवर बैल थोडा वेळ दिसला. मग मशीननं मराठीत सांगितलं, संपर्क संपला.

दार उघडलं तेव्हा पोरं पुढच्या गल्लीत पोचली होती. खुशालराव पायरीवर बसले. थोड्या वेळानं शिवमचा फोन आला. मीटिंगीतून बाहेर येऊन जिन्यात उभा असावा, आवाज घुमत होता, दमलेला.

"दिसली का, बाबा? आवाज नीट आला?"

नाही म्हटलं असतं तर तो तिथंच जिन्यात बसला असता, काळी खिडकी उघडा म्हणाला असता.

"आला," खुशालराव म्हणाले. "सगळं बराबर चालू हाये."

"काय म्हणाली?"

"बोजारा मागून राहिली होती."

"बरं मग. ठेवतो."

"ठेव."