गुलाबच्या गिटारचा बारावा पडदा

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. पान लावल्यावर चुना बोटाला राहतो, तसे ते राहून जातात. आम्ही ऑर्केस्ट्रातले तीन-चार म्हातारे अजूनही नंदनवन वस्तीतल्या टपरीवर चहाला भेटतो. कोणी नुसतं “गुलाबची गिटार” म्हटलं की चहा थंड होतो. आणि दरवेळी एकमेकांकडे पाहून विचारतो, हे खरंच झालं होतं का बाप्पा?

झालं होतं. मी स्वतः ढोलक घेऊन तिथं बसलो होतो.

मनोहरभाऊ पार्टीचे मालक, आणि मुख्य गायकही तेच. ऑर्गनवर देवीदास. आणि बेस गिटारवर गुलाब, जो दिवसा सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचा. एकोणीसशे सत्तरच्या पुढची ती वर्षं. विकतची बेस गिटार आमच्यासारख्यांनी फक्त फोटोत पाहिलेली.

म्हणून गुलाबनं तो फोटोच सुताराला दाखवला.

मिस्त्री भला माणूस. त्यानं फोटो निरखून पाहिला आणि म्हणाला, “गिटारले सहा तारा राहतात नं? ह्याले चारच काहून?”

“बेसले चारच राहतात, मिस्त्री.”

मिस्त्रीनं गुलाबकडे फार मायेनं पाहिलं. पंधरवड्यानं गिटार हातात आली. सागवानाची, खाटेच्या पायाएवढी जड! आणि वरच्या टोकाला, जिथे तारा पिळायच्या खुंट्या बसतात, तिथे भोकं सहा!

गुलाबला धक्काच बसला. “मिस्त्री, हे काय केलं?”

मिस्त्री त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “राहू दे गा. आज चारच घेतल्या. बरे दिवस आले की बाकीच्या दोन लावजो!”

ती दोन भोकं जन्मभर रिकामी राहिली. कार्यक्रमाच्या आधी गुलाब एकात अगरबत्ती खोचायचा.

* * *

गिटार वाजायची, पण सरळ वाजायची नाही. तारा मोकळ्या छेडल्या तर सुरात. बोटं जसजशी दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांवरून, म्हणजे पडद्यांवरून, वर जात, तसतसा सूर चढत जायचा, चढाच्या रस्त्यावर बैल बिथरावा तसा. तरी आम्ही तसेच वाजवत राहिलो. एक वर्ष झालं, दोन झाली, लोक नाचायचे, टाळ्या द्यायचे.

मग एका कार्यक्रमात पहिल्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “ओ भाऊ, मागचा डब्बा बेसूर हाये!”

मनोहरभाऊंना ते लागलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, “गुलाब, सावनेरच्या कार्यक्रमापर्यंत हे सुरात आण. नाही तर बेस बंद. देवीदास ऑर्गनवर डाव्या हातानं मारून नेईल!”

गुलाबचा चेहरा उतरला. दिवसभर ग्रीसमध्ये राहणारे त्याचे हात त्या गिटारला लावायच्या आधी तो साबणानं धुवायचा. त्याला दुसरं काहीच नको होतं.

त्यावेळी रेल्वेतले एक गार्डसाहेब तालमीला यायचे, तरुणपणी बँडमध्ये वाजवलेले. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, बाराव्या पडद्यावर तारेला नुसतं बोट टेकवलं. शिट्टीसारखा बारीक सूर निघाला. मग तिथेच तार दाबून छेडली. दुसराच सूर! म्हणाले, “दोनों एक होना मंगता. इसका इंटोनेशन करना पड़ेगा.”

मनोहरभाऊ लांबून ओरडले, “डोनेशन? एक पैसा नाही देणार! आधी सुरात वाजव म्हणा!”

* * *

गार्डसाहेबांनी युक्ती शिकवली. तार खालच्या टोकाला ज्या पितळी तुकड्यावर टेकते, ती घोडी. प्रत्येक तारेला वेगळी घोडी, मागे एक स्क्रू. दाबलेला सूर चढा निघाला तर घोडी मागे घ्यायची, उतरला तर पुढे. शिट्टी आणि दाब एक झाले की जमलं.

मे महिना होता. मनोहरभाऊंच्या खोलीत कूलर असा घुमायचा की बोललेलं ऐकू येऊ नये. गुलाब त्याच्यापुढे बसून घोड्या सरकवत राहिला. चहाच्या वेळेपर्यंत त्यानं चारही लावल्या. आम्ही ऐकलं. काय गोड! एकच सूर, भरलेला, खोलीभर!

मनोहरभाऊंनी त्याला मिठी मारली. “जमलं लेका!”

तेवढ्यात वीज गेली. कूलर थांबला.

गुलाबनं तीच तार पुन्हा छेडली आणि आम्ही सगळे एकदम दचकलो. एखाद्यानं रिकामी बादली विहिरीत सोडावी असा आवाज! इतका वेळ आम्ही गिटार नाही, कूलर ऐकून राहिलो होतो!

देवीदास हळूच म्हणाला, “लाइन गेली अन् सूर घेऊन गेली.”

* * *

हुडकेश्वर तेव्हा पार गावाबाहेर. तिथल्या एका लग्नात आम्हाला बोलावलं होतं. वरात यायला वेळ होता, म्हणून गुलाब म्हणाला, “तुमी स्क्रू फिरवा, मी तार वाजवून सांगतो.” मी स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याच्या पायाशी बसलो. समोरचा माइक चालू आहे हे कोणाच्या ध्यानातच नाही.

गुलाब म्हणाला, “घोडी मागे घ्या.”

मी घेतली.

“अजून मागे! लई पुढे आली घोडी! घ्या मागे, घ्या!”

तेवढ्यात मंडपाबाहेर ओरडा सुरू झाला. बाया रडायला लागल्या. मी मान वर करून पाहिलं. वरात आली होती. नवरदेव घोडीवर बसून मंडपाच्या दारापर्यंत पोचला होता, आणि घोडीवाला लगाम धरून तिला एकेक पाऊल मागे मागे नेऊन राहिला होता! नवरदेव पार रस्त्याला लागला.

मुलीचा बाप हात जोडत मागे धावला. “जावईबापू! काय चुकलं आमचं? काहून परत चालले?”

नवरदेव घामाघूम. म्हणाला, “मले काय विचारता मामाजी? तुमच्याच माइकवर सांगून राहिले!”

* * *

गार्डसाहेबांनी एक दिवस तारा बोटांनी चाचपल्या आणि मान हलवली. जुन्या तारांवर काही जमणार नाही, म्हणाले. तारा मुंबईहून मागवाव्या लागल्या. सावनेर जवळ येत चाललं, आणि तारांचा पत्ता नाही. गुलाबचं जेवण सुटलं.

त्याची बायको शांता वहिनी. तिचा एकुलता भाऊ मुंबईत गिरणीत कामाला. तारांचं काही तिला ठाऊक नव्हतं. ती दारात गहू निवडत बसली होती. मी समोरच्या ओट्यावर गुलाबची वाट पाहत होतो. एवढ्यात गुलाब सायकल हाणत आला आणि गल्लीच्या तोंडापासूनच ओरडला, “शांते! मुंबईहून तार आली वं!”

वहिनीच्या हातातलं सूप पडलं. त्या काळी तार म्हणजे एकच अर्थ! “माहा भाऊ गेला वं माय!” म्हणून तिनं हंबरडा फोडला. शेजारपाजारच्या बाया धावल्या. कोणी पाणी आणलं, कोणी हुंगवायला कांदा फोडला.

आणि गुलाब? तो सायकलवरून उतरून हसून राहिला होता! तोंडभर!

“रडतेस काहून? चारही आल्या!”

शेजारची म्हातारी मावशी कपाळाला हात लावून खालीच बसली. “चार तारा! म्हणजे सारं घरच गेलं का वं? अन् हा मेला हसून काय राहिला?”

पुडकं उघडून गिटारच्या तारा दाखवल्या तेव्हा बाया आपापल्या घरी गेल्या. वहिनी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

* * *

सावनेरला आम्ही दुपारीच पोचलो. शाळेची एक खोली दिली होती. पंखा नाही, माइक नाही. नव्या तारा चढवून गुलाब भिंतीला टेकून बसला. शिट्टी. दाब. स्क्रू. पुन्हा शिट्टी. मी हललो नाही. उन्हं खिडकीतून उतरली तेव्हा त्यानं बाराव्या पडद्यावर बोट टेकवलं, मग दाबलं. एकच सूर! चारही तारांवर! देवीदासनं ऑर्गनशी मिळवून पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गुलाब माझा हात धरून बसला.

संध्याकाळी मैदान भरलं. मनोहरभाऊ नवा कोट घालून उभे, नेहमीसारखे गुलाबच्या स्पीकरला पाठ लावून. गाणं सुरू झालं. मुखडा झाला. अंतरा वर गेला आणि मनोहरभाऊंचा आवाज अडखळला. पुन्हा उचलला, पुन्हा घसरला. त्यांनी हात वर करून गाणं थांबवलं. भर कार्यक्रमात!

ते मागे वळले. “गुलाब! काय करून राहिला बे? सारी गिटार उतरली हाये!”

देवीदास म्हणाला, “भाऊ, आज तर ती...”

“तू गप बस! इतकी वर्षं गाऊन राहिलो, मले सूर शिकवतो?”

मी गुलाबकडे पाहिलं. तो पांढरा पडला होता. त्यानं खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, खाली बसला आणि एकेक घोडी पुढे सरकवत गेला. हळूहळू. कशाशी मिळवून पाहिलं नाही. दोन वर्षं बेसूर वाजताना जिथे होत्या, तिथेच परत आणल्या. उठून उभा राहिला आणि मान हलवली.

गाणं पुन्हा सुरू झालं. अंतरा आला. मनोहरभाऊंनी डोळे मिटले आणि असा सूर लावला की मैदान उभं राहिलं! शिट्ट्या, टोप्या, टाळ्या!

त्यांनी गुलाबला हाताला धरून पुढे आणलं. माइकवर म्हणाले, “मंडळी, हा आमचा गुलाब! आज पहिल्यांदा ह्याची गिटार सुरात लागली!”

मग माइकवर हात ठेवून त्याच्या कानात म्हणाले, “आता ह्याले हात लावशील तर याद राख!”

गुलाब म्हणाला, “नाही लावत, भाऊ.”