एका टेबलावर माझा डावा पाय

शनिवारी दुपारी १४०० वाजता मी एका टेबलावर उताणा पडलो होतो आणि एक अमेरिकन बाई माझा डावा पाय मोठ्या कुतूहलाने न्याहाळत होती. गैरसमज नको. माझी बायको सुनंदा शेजारीच उभी होती.

पलटण सोडून अमेरिकेत पिस्कॅटवेला आल्याला पाच वर्षं झाली होती. सुरुंगाने डाव्या गुडघ्याखालच्या नसा निकामी केल्या होत्या, तरी मी ट्रायथलॉन करत असे: आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं. अपंग खेळाडूंच्या या शर्यतीत कोण किती अधू, यावर गट ठरत. प्रत्येक गटातले पहिले तीन राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होते. मला जायचंच होतं.

ती बाई, लिंडा, गट ठरवणारी फिजिओथेरपिस्ट होती. माझ्या पावलावर हात दाबून ती म्हणाली, "वर उचला."

मी मांडी, कंबर, दात, सगळं लावलं. पाऊल उचललं!

"थकतो हा पाय?"

"नेव्हर, मॅडम!"

"दुखतो?"

"अजिबात नाही!"

मेडिकल बोर्डासमोर जवान असाच उभा राहतो. तब्येतीची कॅटेगरी उतरली की पलटण सुटते. म्हणून ताप लपवायचा, लंगडणं लपवायचं. लिंडाने मला सगळ्यात कमी अधू असलेल्यांच्या गटात टाकलं. मी मिशीला पीळ देत बाहेर आलो.

"शाबास," सुनंदा म्हणाली. "रोज जिना उतरताना आई गं कोण म्हणतं मग? आता पळा उद्या त्या हरणांबरोबर."

रविवारी ०७०० वाजता शर्यत सुटली. तळ्यातून मी चौथा बाहेर आलो. सायकलवर दुसरा. काय ऐट सांगू! धावताना दुसऱ्या मैलावर पाऊल फटफट आपटू लागलं. तिसऱ्या मैलावर बोटं अडकली आणि मी तोंडावर पडलो. उठलो. आठवा आलो.

शेवटच्या रेषेपाशी लिंडा उभी होती. तिने मला तिथेच खुर्चीत बसवलं.

"उचला."

पाऊल हललं नाही.

"काल मला का फसवलंत?"

"सवय, मॅडम."

"आजचा निकाल बदलणार नाही. पुढच्या वर्षीचा गट बदलता येईल, पण खरं सांगितलंत तर. दुखतो?"

'नाही' तोंडाशी आलं.

सुरुंग फुटला त्या दिवशी माझ्या पलटणीतला नाईक दत्ताराम साळवी मला खांद्यावर घेऊन चार तास चालला. मी विचारत होतो, "दत्ता, तुला लागलंय का?" तो म्हणत होता, "खरचटलंय साहेब. बोलू नका." १७२० वाजता पोस्टवर त्याने मला खाली ठेवलं, सॅल्यूट केला आणि भिंतीला टेकून बसला, तो पुन्हा उठलाच नाही. त्याच्या पोटात सुरुंगाचा तुकडा होता.

"दुखतो," मी लिंडाला सांगितलं. "रोज दुखतो."

ती लिहून घेऊ लागली. सुनंदाने माझा बूट सोडला.

दत्ताराम सव्वीस वर्षांचा होता. पलटणीच्या क्रॉस-कंट्रीत मी त्याला एकदाही गाठू शकलो नाही.