मोबाईलमधल्या बाईलाही चहा

ज्यांच्या घरी विसरण्याचा आजार असलेलं कोणी आहे, त्यांच्यासाठी हे लिहून राहिले.

माझ्या सासूबाईंना डिमेन्शिया आहे. रोज दुपारी त्या लुगडं खोचून शेतात धानाच्या रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, निघतात. रोवणी सोडून त्यांना दहा वर्षं झाली. मागच्या आठवड्यात तर एकट्याच नवेगावच्या तलावाच्या पाळीपर्यंत, पार पाण्याकाठच्या बांधावर पोहोचल्या होत्या.

म्हणून मी जुन्या मोबाईलमध्ये माझाच आवाज भरला आणि तीनच्या अलार्मला लावला: "आई, आज रोवणीला सुट्टी आहे. बसा, चहा ठेवते."

आज त्या अडीचलाच दारात. मी तेच सांगितलं, सात-आठ वेळा. शेवटी ओरडले. त्या चप्पल घालून उभ्याच. तेवढ्यात अलार्म वाजला आणि त्या मुकाट्याने खाटेवर येऊन बसल्या.

मला म्हणाल्या, "थे बाई कशी चांगली बोलते! तू काऊन चिल्लावून राहिली?"

मला रागच आला. अहो, ती बाई मीच आहे! फक्त तिने ते वाक्य एकदाच म्हटलं होतं, सकाळी, झोप झाल्यावर.

चहा ठेवायला उठले तर मागून म्हणतात, "तिलेही दे घोटभर. रोज रोज सांगते, थकली असन बिचारी."

मी दोन कप केले. दुसरा त्यांच्या शेजारी बसून मीच प्यायले.

अलार्मची युक्ती करून पाहा, कामाची आहे. पण तुमच्या घरी जी सांभाळते, तिला आज चहा कोणी विचारला?